सात वर्षांचा करार

रविवारी सकाळी थर्झाने ओटच्या पिठाच्या पोळीचा मोठा घास घेतला आणि धाकट्या भावाच्या कुठल्याशा नकलेवर ती खळखळून हसली. तेव्हा तिच्या आईला, मर्सी बूथला, लेकीच्या खालच्या हिरडीवर एक निळी रेघ दिसली. दातांच्या मुळाशी, शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक.

"तोंड उघड बघू."

"खाऊ दे ना, आई. घोडा विकत घेतेयस का?"

मर्सीने ओल्या फडक्याने हिरडी घासली. रेघ जाईना. तिची बहीण चिनी मातीच्या कारखान्यात भांड्यांना झिलई देण्याच्या खात्यात होती. तिलाही आधी अशीच रेघ आली, मग फिट्स आल्या, मग दृष्टी गेली आणि सव्विसाव्या वर्षी ती स्वतःच गेली. झिलईत शिसं असतं, हे बर्स्लेम गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण थर्झा चित्रकाम शिकत होती, बिनझिलईच्या भांड्यांवर निळी फुलं काढत होती. तेराव्या वर्षी केलेल्या सात वर्षांच्या करारातली चार वर्षं सरली होती.

"फुलं केव्हाच सुटली," थर्झा म्हणाली. "ईस्टरपासून मी फरशांवर रंगीत झिलई भरते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगायचं काय त्यात? हातात कुंचलाच आहे की."

सोमवारी मर्सी लेकीला घेऊन थेट कारखान्याच्या मॅनेजर हॅमर्सलीसाहेबांसमोर उभी राहिली. साहेबांनी कपाटातून करारपत्र काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"चित्रकाम, आणि मालक सांगतील ते त्यासंबंधीचं काम. खाली सही तुमचीच ना, बाई?"

सही तिचीच होती. पोरीला चित्रकामात घेतलं, या आनंदात तिने ती ओळ वाचलीच नव्हती.

"हिच्या हिरड्या तरी बघा, साहेब."

थर्झाने ओशाळून तोंड उघडलं. साहेब वाकले आणि एक पाऊल मागे सरकले.

"त्या खात्यात अकरा मुली आहेत. बाकी कुणालाही हे झालेलं नाही. पोरी, कुंचल्याला टोक कसं काढतेस तू?"

थर्झाने नकळत चिमूट ओठांशी नेली.

"तोंडात घालतेस?" साहेब ओरडले. "कुंचला तोंडात घालू नये, अशी भिंतीवर हातभर पाटी लावलीय! वाचता येत नाही?"

"येतं, साहेब. पण हात ऐकत नाही. आठ वर्षांची असताना आईने शिकवलं."

मर्सीनेच शिकवलं होतं, घरच्या टेबलापाशी बसवून. ओठांत धरून ओढ, केसासारखं टोक येतं. तिने स्वतः वीस वर्षं कारखान्यात फुलं रंगवताना तसंच केलं होतं. फुलांच्या निळ्या रंगाने तिला कधी काही झालं नव्हतं. विष झिलईत होतं, आणि ते पोटात जायची वाट तिने आपल्या हाताने करून दिली होती.

"कारखान्याचे नियम पाळीन, असं करारात आहे," साहेब म्हणत होते. "हिने करार मोडलाय. पण मी काही राक्षस नाही. सवय सोड आणि कामाला लाग. तीन वर्षं राहिलीत."

"मोडलाय ना? मग तसं लिहा," मर्सी म्हणाली.

"काय?"

"शिकाऊ मुलीने करार मोडला. लिहा आणि सोडा तिला."

"डोकं फिरलंय का, बाई? हा शेरा पडला तर गावातला एकही कारखाना हिला दारात उभं करणार नाही."

"तेच हवंय मला."

"आई!" थर्झा किंचाळली. "सोडते मी सवय. शपथ! परत फुलांवर तरी..."

"परत फुलांवर घेता, साहेब?"

"तिथे जागा नाही."

"मग लिहा."

साहेबांनी एकदा मायलेकींकडे पाहिलं आणि टाक दौतीत बुडवला. थर्झा कागदाकडे धावली. मर्सीने तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि शाई वाळेपर्यंत सोडलं नाही.

अंगणात आल्यावर थर्झाने हात हिसडला. "बुडवलंस मला. आता मी करू काय? धुणी धुऊ?"

"धू," मर्सी म्हणाली. तिचा स्वर तिलाच ओळखू आला नाही.

थर्झा रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालू लागली. घर येईपर्यंत ती या बाजूला आली नाही.