इत्तोबाईंच्या वर्गाचा रेकॉर्डर

मित्रांनो, मी आहे एक जुना रेकॉर्डर. तळहाताएवढा, डोक्यावर दोन बारीक मायक्रोफोन. सात वर्षं मी एका बातमीदाराच्या खिशातून मोरोक्कोभर हिंडलो. मंत्री असो की मेंढपाळ, माझ्यासमोर सगळे आधी खाकरत. मग त्याने नवा फोन घेतला आणि मी खणात, मोज्यांखाली गेलो.

तिथून मला त्याच्या बहिणीने, इत्तोबाईंनी, बाहेर काढलं. वाळवंटाकाठच्या खजुरीच्या गावात त्या विज्ञान शिकवतात. वर्गाचा पॉडकास्ट करायचं त्यांनी ठरवलं होतं. पहिल्या दिवशी मुलांनी पुस्तकातला भूजलाचा धडा मला वाचून दाखवला.

"हे ऐकून मलाच झोप येतेय," बाई म्हणाल्या. "गावाला पाणी आणणाऱ्या भुयारी कालव्यात गाळ काढायला जो स्वतः उतरलाय, त्याला विचारा."

असा माणूस गावात एकच उरला होता, म्हातारे बा झायद. तेही दोन दिवसांनी शहरात मुलाकडे कायमचे राहायला जाणार होते.

वर्गातली दोन मुलं, तूडा आणि इद्देर, मला त्यांच्याकडे घेऊन गेली. पाहुणा म्हणून मला मानाची जागा मिळाली, चहाच्या तबकात मधोमध! बा झायद हातभर उंचीवरून चहा ओतत बोलत राहिले. वर्गात ऐकलं, तर नुसता धबधबा आणि पेल्यांची किणकिण.

"मुलाखत त्यांची घेतलीस की किटलीची?" इद्देर म्हणाला.

"तबकात तूच ठेवलंस ना, शहाण्या!" तूडा रडकुंडीला आली. आता एकच दिवस उरला होता.

दुसऱ्या दिवशी तूडाने आधी मुकाट्याने तीन पेले चहा घेतला. नको म्हणणं तिथे अपमान. तबक आत गेल्यावर तिने मला लोकरीच्या उशीवर, बा झायदांपासून वीतभर अंतरावर ठेवलं. प्रश्नांचा कागद बाजूला सारून तिने विचारलं,

"खाली भीती नाही वाटायची?"

बा झायद तिच्याकडे वळून बसले.

"वाटायची, पोरी. म्हणून कान उघडे ठेवायचे. थेंबाचा आवाज घुमला, तर वरची माती घट्ट. दबका आला, तर भिजून सैल झालीय. मग कमरेचा दोर हलवायचा, वरची माणसं ओढून घ्यायची."

वर्गात त्या दिवशी कुणी पेंगलं नाही. "पण आवाज दबका का होतो?" इद्देरनेच विचारलं, आणि बाईंनी खडू उचलला.

निघण्यापूर्वी बा झायदांनी स्वतःचा आवाज ऐकला. म्हणाले, "हा म्हातारा बरंच जाणतो की! याला जाऊ देऊ नका."

मित्रांनो, मला वाळूपासून जपा, काम झालं की बॅटऱ्या काढून ठेवा. आणि तुमच्या ओळखीचं कुणी गाव सोडून निघालं असेल, तर माझं बटण आजच दाबा.