करदोड्याची गाठ

मष्णूची वडापची, सीटा भरून नेणारी जीप तवंदी घाटाच्या तोंडाशी आली, तेव्हा मागच्या फळीवर माणसांत चेंगरलेल्या जोतिरामला दिसलं की मधल्या सीटवर आजीशेजारी खुर्चीत बसवलेल्या आपल्या पोराच्या, गुंडूच्या, छातीवरचा पट्टा सुटून लोंबतोय.

गेल्या दिवाळीत याच घाटात ब्रेक लागला आणि गुंडू आजीच्या मांडीवरून उडून समोरच्या दांड्यावर आपटला. भुवईत टाके पडले. तेव्हापासून उद्यमबागेतल्या कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढणाऱ्या जोतिरामने एकच ध्यास घेतला होता : कुठल्याही जीपच्या सीटला अडकेल, उतरल्यावर घडी घालून खांद्याला लावता येईल, अशी पोराची खुर्ची. ॲल्युमिनियमची नळी, नवारीचे पट्टे, सीटला अडकवायचे दोन लोखंडी आकडे. पोराच्या वजनाचं वाळूचं पोतं बसवून त्याने ती आपटून आपटून पाहिली होती. आकडे धरत होते, नवार धरत होती. आईचा हात मात्र त्याने हिशेबात घेतला नव्हता.

"आये, पट्टा कुणी सोडला?"

"मी." मधल्या सीटवरच्या चंद्राबाईने मान वळवली नाही. "जित्या लेकराला बांधत्यात व्हय रं? मेल्यावर बांधत्यात, ताटीवर."

मष्णू हसला. "इंजिनियर, पोराला दावं लावलंय, आता पेंढी बी टाका की."

जीप उताराला लागली. पुढे तंबाखूचा ट्रक. जोतिरामने हात लांबवला, पोचेना.

"मष्णू, गाडी थांबव."

"उतारावर? मागं एसटी चिकटलीया."

गुंडू खुर्चीत उभा राहू पाहत होता. वेग, वजन, उतार, समजावायला सगळं जोतिरामकडे होतं आणि त्यातलं काहीच कामाचं नव्हतं. पोराचा सदरा वर सरकला. कमरेचा काळा दोरा दिसला.

"आये," तो आवाज खाली आणत म्हणाला, "त्याच्या कमरंला काय हाय?"

"करदोडा."

"कुणी बांधला?"

चंद्राबाईने आपणच बांधलेल्या दोऱ्यावरून सदरा खाली ओढला.

"ह्यो बी करदोडाच. जरा रुंद हाय. तूच बांध."

बकल तिला लागेना. तिने पट्ट्याची टोकं ओढली आणि वडगावच्या हातमागावर तुटलं सूत जोडायची तशी गाठ मारली.

वळण संपतं तोच ट्रकचे लाल दिवे पेटले. मष्णूने ब्रेक दाबला. माणसं एकमेकांवर कोसळली. चंद्राबाईचं कपाळ दांड्यावर आदळलं. खुर्ची करकरली, गुंडू पुढे झेपावला, नवार ताणली, तो मागे आला. क्षणभर थांबून रडू लागला.

निपाणीच्या स्टँडवर जोतिरामने आकडे काढून पोरासकट खुर्ची खाली उतरवली आणि तो गाठ सोडत बसला. नखं दुखली, गाठ हलेना.

"आये, सोड की तुझी गाठ."

कपाळाला पदर दाबून चंद्राबाईने दुसऱ्या हाताने खुर्चीसकट नातू कडेवर घेतला.

"करदोडा सोडाय बांधत न्हाईत," ती म्हणाली. "चल. असाच येऊ दे घरी."