आधी ताट, मग टेबल

मी चौतीस नंबरचं टेबल बोलतोय. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. ऐकायला बसणार असाल तर आधी ताट घेऊन या, मग बसा. रिकाम्या हातानं येऊन बसणाऱ्यांनी माझं आयुष्य नासवलं, आणि आता जाता जाता त्यांना चार शब्द सुनावल्याशिवाय मी जाणार नाही.

माझा जन्म उत्तर कॅरोलायनातल्या एका कारखान्यातला. पाइनचं लाकूड, रंधा मारून गुळगुळीत केलेलं. एक दिवस एक माणूस लोखंडी साखळी घेऊन आला आणि मला झोडपायला लागला. मग खिळ्यांनी टोचलं, कडा जाळल्या, वरून काळपट रंग फासला. का, तर मी शंभर वर्षांपूर्वीच्या खाणकामगारांच्या खानावळीतला दिसायला हवा होतो. जन्मून आठवडा झाला नव्हता आणि अंगावर म्हातारपण आलं. त्या गडबडीत माझा एक पाय अर्धं बोट आखूड राहिला, तो कुणाच्या लक्षात आला नाही.

तिथून ट्रकमध्ये घालून मला फ्लोरिडात आणलं. तिथल्या एका करमणुकीच्या पार्कातल्या नकली डोंगराच्या पायथ्याशी नकली खाण, आणि खाणीला चिकटून ही खानावळ. भिंतीवर कुदळी नि कंदील टांगलेले, सगळे प्लॅस्टिकचे. खऱ्या गोष्टी दोनच: काउंटरवरचं गरम खाणं आणि छतातून येणारा गार वारा. जुलैच्या दुपारी आत शिरणाऱ्याला भुकेपेक्षा त्या वाऱ्याचीच ओढ जास्त असते. मी बरोबर त्या झोताखाली, सहा खुर्च्यांसह. त्यामुळे आल्यागेल्याचा डोळा माझ्यावर.

दारातच पाटी आहे: आधी ताट, मग टेबल. हाताएवढी अक्षरं आहेत. अकरा वर्षांत ती पाटी वाचून शहाणा झालेला माणूस मी पाहिला नाही. पाटीखाली उभं राहून बाई नवऱ्याला सांगते, “तू रांगेत लाग, मी टेबल धरते.” आणि धरायच्या तऱ्हा तरी किती! कुणी टोपी फेकतं. कुणी उन्हाच्या मलमाची अर्धी पिळलेली नळी ठेवतं. एकानं झोपलेलं तान्हं बाळ बाबागाडीसकट लावून ठेवलं आणि स्वतः निघून गेला. ताटं घेतलेली माणसं मधल्या वाटेत ताटकळतात, त्यांचे बर्गर निवतात, आणि मी एका टोपीची चाकरी करत उभा असतो. टेबलाचा याहून मोठा अपमान नाही.

माझी कदर केली ती एकट्या इरायदानं. ती पोर्तो रिकोची, या खानावळीत टेबलं पुसते. रोज सकाळी पार्काचा एक नकाशा आठ घड्या घालून माझ्या आखूड पायाखाली सारते आणि म्हणते, “उभा राहा रे बाबा नीट.” दुपारपर्यंत तो नकाशा सरकतो आणि मी डुगडुगायला लागतो. टेबल धरून बसलेल्याचं पेय कधी माझ्यामुळे सांडलं, तर मला मनापासून आनंद होत असे. खोटं कशाला बोलू?

आता त्या दिवसाचं सांगतो.

पावणेएकला शार्लिन नावाची बाई आपल्या आईला दंडाला धरून माझ्याकडे घेऊन आली. आईचं नाव विल्मा. वय अठ्ठ्याहत्तर, ओहायोहून आलेली, गुडघ्याला पट्टे बांधलेले. शार्लिनच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये मिनिटामिनिटाचा बेत.

“आई, बस इथे. ड्वाइट पोरांना घेऊन डोंगरावरच्या गाडीत बसून येतोय. मी फोनवरून ऑर्डर दिलीय, खिडकीवरून घेऊन येते. पंधरा मिनिटं. कुणाला बसू द्यायचं नाही.”

“मला काय मागवलंस?”

“मागवलंय गं. आणि उठू नकोस हं, अजिबात. उठलीस की टेबल गेलं. एवढं एकच काम आहे तुला.”

शार्लिन गेली. मी मनात म्हटलं, आली आणखी एक टोपी.

विल्मा पक्की होती. डोक्यावरची हॅट काढून एका खुर्चीवर ठेवली. पावसाळी कोट दुसऱ्या खुर्चीवर, पर्स तिसऱ्या. दोन खुर्च्या उरल्या आणि ठेवायला काही उरलं नाही. तेव्हा तिनं वाकून, धापा टाकत, पायातले बूट काढले. एक इकडे, एक तिकडे. मग मोजे घातलेले पाय गार फरशीवर टेकवून समोरच्या फळ्यावरची पदार्थांची यादी वाचत बसली. “तळलेला मासा,” ती स्वतःशीच म्हणाली, “कोबीच्या कोशिंबिरीबरोबर.” आणि ओठांवरून जीभ फिरवली.

पंधरा मिनिटं गेली. पंचवीस गेली. एव्हाना खानावळीत मुंगी शिरायला जागा नव्हती.

तेवढ्यात बॉइड आला. जॉर्जियाचा आडदांड गडी, दोन्ही हातांत ट्रे. मागे बायको टॅमरा, तिच्या हातात आणखी एक ट्रे, आणि तिला चिकटलेल्या तीन पोरी. त्यानं सहा खुर्च्या पाहिल्या, एक म्हातारी पाहिली आणि एक बूट पाहिला.

“बाई, हा बूट जेवतो काय?”

“जागा धरलेली आहे,” विल्मा म्हणाली.

“ते दिसतंय. माणसं कुठायत?”

“येताहेत.”

“माझी आलीयत. ताटासकट आलीयत. दारावरची पाटी वाचलीत का?”

“वाचली. तुम्ही दुसरं टेबल बघा.”

“बघितली की सगळी! त्या तिकडे एक टोपी बसलीय, पलीकडे एक पाण्याची बाटली बसलीय. माणसानं कुठं बसायचं या देशात?”

शाब्बास रे पठ्ठ्या, असं मला झालं. मी पुरता बॉइडच्या बाजूनं होतो, लपवत नाही. त्यानं आपले दोन्ही ट्रे सरळ माझ्यावर आदळले आणि उभ्यानंच खायला लागला. पोरीही उभ्यानंच. फ्राइजचा वास विल्माच्या नाकाशी. ती मान वळवून भिंतीवरच्या प्लॅस्टिकच्या कुदळीकडे बघत राहिली.

“बॉइड, म्हाताऱ्या बाईशी काय भांडतोस,” टॅमरा म्हणाली.

“म्हातारी कुणाला म्हणतेस गं?” विल्मा फाडकन म्हणाली. “आणि तो सॉस माझ्या हॅटपासून लांब धर.”

बॉइडनं इरायदाला हाक मारली. “ओ ताई, नियम आहे ना तुमचा? उठवा की यांना!”

इरायदा फडकं घेऊन आली. तिनं पाटीकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांना सांगते तेच नम्रपणे सांगितलं. विल्मानं मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. “पोलीस बोलवा. मी उठणार नाही.” पण म्हणताना तिच्या तोंडाचा रंग उडाला होता आणि खुर्चीत ती सारखी चुळबुळत होती. हातांचा घाम मला लागत होता. इतकी वर्षं माणसांची कोपरं सोसली, तेव्हा एवढं मला कळतं. ही बाई हट्टानं बसली नव्हती. तिला जायचं होतं, आणि जाता येत नव्हतं.

तिनं फोन लावला. पलीकडून शार्लिनचा आवाज माझ्या फळीपर्यंत आला.

“आई, आत्ता नको! मी फोनवर चुकून नदीकाठची खानावळ निवडली. सगळं खाणं तिकडे तयार होऊन बसलंय. मी अर्ध्या वाटेत आहे, ड्वाइट आणि पोरंही तिकडेच येताहेत.”

ही चूक इथं रोजची. या पार्कात आमच्याच मालकांच्या दोन खानावळी आहेत, दोन्हीकडे पदार्थ तेच. फोनवर जी आधी दिसते ती लोक दाबून मोकळे होतात.

“मग तिकडेच जेवा ना,” विल्मा म्हणाली. “मी येते.”

“तिकडे उघड्यावर बसावं लागतं, उन्हात! खाणं तिथेच आणते मी. वीस मिनिटं.”

“शार्लिन, मला बाथरूमला जायचंय.”

“आई, थोडं धर ना! उठू नकोस, प्लीज. एवढं एकच काम—” आणि फोन बंद झाला.

ते टेबलाभोवती सगळ्यांनी ऐकलं. बॉइडनं तोंडातला घास गिळला. विल्माचे कान लाल झाले होते. पाच परक्या माणसांसमोर आणि पुसणाऱ्या बाईसमोर तिची अब्रू निघाली होती, आणि तीही पोटच्या पोरीच्या हातून.

“किती वेळ झाला?” इरायदानं हळूच विचारलं.

“अर्धा तास.”

“जा तुम्ही. उजव्या हाताला आहे.”

“तू राखशील?”

“मला टेबल पुसता येतं, बाई. राखता येत नाही. नोकरी जाईल माझी.”

विल्मानं बॉइडकडे पाहिलं. “मी उठले तर तुम्ही बसणार.”

“बसणार तर काय! पाय तुटलेत आमचे,” बॉइड म्हणाला. मग जरा खाली बघून म्हणाला, “पण पाचच खुर्च्या लागतात आम्हाला. सहावी घेऊन काय तिच्यावर बूट ठेवू?”

विल्मानं एकेक वस्तू उचलली. हॅट डोक्यावर, कोट हातावर, पर्स खांद्याला. बूट मात्र तिला वाकून घालता येईनात. तेव्हा इरायदा गुडघ्यावर बसली आणि तिनं ते विल्माच्या पायात चढवले. विल्मा ताठ मानेनं गेली, पण भराभर गेली.

त्या क्षणी मी बाजू बदलली. अकरा वर्षं मी टेबल धरणाऱ्यांचा द्वेष केला. त्यांना धरायला बसवून जाणारा कोण, हे मी कधी बघितलंच नव्हतं. रांगेत उभा असायचा ना तो, माझ्या नजरेआड.

विल्मा परत आली तेव्हा बॉइडचं कुटुंब ऐसपैस बसलं होतं. सहावी खुर्ची रिकामी होती. ती बसली. कुणी हसलं नाही, कुणी नावं विचारली नाहीत. टॅमरानं आपला ट्रे इंचभर आत ओढून घेतला, बस. विल्मा पुन्हा फळ्यावरची यादी वाचू लागली.

दीड वाजता शार्लिन उगवली. घामानं निथळत होती. एका हातावर ट्रे, दुसऱ्या हातात कोलाचे तीन पेले. मागे ड्वाइट आणि तीन पोरं, भुकेनं भांडत. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि किंचाळलीच.

“आई! ही कोण माणसं? एक काम सांगितलं होतं तुला. एक!”

“केलं की,” विल्मा म्हणाली. “एक खुर्ची धरली. माझी.”

बॉइडला ठसका लागला. शार्लिनचा पारा चढला. “मी या उन्हात अर्धा पार्क तुडवून आले, आणि तू—” असं म्हणत तिनं ट्रे आणि पेले माझ्या कडेवर आपटले. माझ्या पायाखालचा नकाशा केव्हाच सरकला होता. मी कललो. तिन्ही पेले उलटले ते थेट शार्लिनच्या अंगावर, कमरेपासून खाली.

मी मुद्दाम कललो का? माझा पाय आखूड आहे. एवढंच सांगेन.

पांढऱ्या पँटवर कोला ओघळत होता. विल्मानं शांतपणे ट्रेमधल्या आपल्या वाट्याच्या खोक्याचं झाकण उघडलं. आत चार कोंबडीचे तुकडे होते आणि मुलांसाठी देतात ती सफरचंदाच्या फोडींची पिशवी.

“हे काय गं?”

“मुलांचं जेवण, आई. तुला जातं कुठे जास्त?”

विल्मानं झाकण लावलं. मग उठली.

“मला मासा हवाय. तळलेला, कोबीच्या कोशिंबिरीबरोबर. मी रांगेत लागते. तू इथे बस.”

“काय? मी अशी ओली— मला बाथरूममध्ये जाऊन हे धुवायला हवं!”

“मग खुर्ची जाईल ना. ते बघ, मागे चौघं टपलीयत.” विल्मानं मुलीला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. “बस. आणि उठू नकोस हं, अजिबात. एवढं एकच काम आहे तुला.”

ती काउंटरकडे निघाली. रांग दारापर्यंत गेली होती. गुडघे धरत, मध्येमध्ये थांबत, तिनं तिचा नंबर येईपर्यंत पूर्ण पंचवीस मिनिटं घेतली, आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. शार्लिन बसून राहिली. पँट अंगाला चिकटली होती. समोर बॉइड एकेक फ्राय सावकाश चावत होता. बायको उठायला निघाली की तिला म्हणे, “थांब गं, घाई काय आहे?”

शार्लिननं दुसऱ्याच दिवशी तक्रार लिहून पाठवली. आईबद्दल नाही, स्वतःबद्दल तर नाहीच. माझ्याबद्दल. टेबल डुगडुगतं, माणसांना धोका आहे. झालं. अकरा वर्षांच्या चाकरीचा निकाल दोन ओळींत लागला. मला मागच्या कोठारात उलटं करून टाकलंय, चारी पाय वर. शुक्रवारी लाकूड फोडणारे येणार आहेत. मला उचलून नेताना इरायदानं पायाखालचा आठ घड्यांचा नकाशा काढून खिशात ठेवला आणि म्हणाली, “नीट नाहीच उभा राहिलास ना शेवटपर्यंत?”

नाही राहिलो. आणि मला त्याची लाजही वाटत नाही.

तुमच्याकडून मला दया नको, रंगाचा नवा हात नको, आखूड पायाला ठोकळा तर नकोच नको. तुम्ही टेबलं धरणारच, पाट्या लावून तुम्ही सुधारणाऱ्यातले नाही. पण ज्या माणसाला तुम्ही टोपीसारखं ठेवून जाता, त्याला जाण्याआधी दोन गोष्टी विचारा: तुला काय खायचंय, आणि आधी जाऊन यायचंय का. एवढंही विचारणं होत नसेल, तर आपली टोपीच ठेवून जा. आणि टेबलाच्या कडेवर पेले ठेवताना सांभाळून. माझ्या त्या कारखान्यातून माझ्याबरोबर चाळीस टेबलं निघाली होती, आणि साखळी मारणारा तो गडबड्या माणूस एकच होता.