रिकाम्या फेऱ्या

मी एक धागा बोलतोय. शिवणकामाचा नव्हे, टेलिफोन कंपनीच्या संगणकात चालणाऱ्या प्रोग्रामचा. तुम्ही फोनवर बोलता तेव्हा तुमच्या बोलण्याचे बारीक बारीक तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. दाराशी आलेलं पॅकेट उचलायचं आणि पुढच्या वाटेला लावायचं, एवढंच माझं काम. आत काय आहे, ते मला वाचता येत नाही.

आम्ही चौघं भाऊ. दाराशी काही असो वा नसो, सारखं जाऊन बघायचो. आलं का? नाही. आलं का? नाही. त्यामुळे मशीन किती कामात आहे ते दाखवणारा पडद्यावरचा आमचा आकडा कायम शंभर टक्के.

"मशीन घाण्याला जुंपल्यासारखं राबतंय," कंपनीचे साहेब हळहळायचे.

आमची देखभाल करणाऱ्या ताईंना ते पटेना. "राबतंय कसलं, नुसते हेलपाटे घालतंय," त्या म्हणाल्या. त्यांनी आमच्यात एक मोजणी घातली. पॅकेट मिळालं तर ती फेरी कामाची. हात हलवत परतलो तर तेवढा वेळ रिकामा.

खरं बाहेर आलं. आमचा बहुतेक दिवस रिकामाच जात होता. मला वाईट नाही वाटलं. जन्मात पहिल्यांदा कुणी आमच्याकडे नीट पाहिलं होतं.

साहेबांनी आकडे पाहिले. "मग चौघं कशाला पोसायचे? एक ठेवा."

"गर्दी सांगून येत नाही, साहेब."

"अहो, मोजलंत तुम्हीच ना?"

 माझे तिन्ही भाऊ ताईंनी स्वतःच्या हातांनी बंद केले.

मग एका दुपारी वादळ झालं. शहरभर वीज गेली आणि जो तो घरच्यांना फोन लावू लागला. मी उचलत होतो, पण दाराशी रांग मावेना; मागची पॅकेटं बाहेरच सांडू लागली. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. दवाखान्यातून त्यांचा भाऊ बोलत होता.

"दादा, तुटतंय रे... बाबांच्या तोंडाशी धर फोन. बाबा, काय म्हणालात? परत बोला ना!"

बाबा परत कधीच बोलले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी चारही धागे सुरू करायला लावले. भावांच्या जागी तिघं आले, पण त्यांना आमचं मागचं काहीच ठाऊक नाही. ताई आल्या त्या राजीनामा द्यायलाच. जाताना माझ्या आकड्यांपाशी थांबल्या. "माझ्या बाबांचेच शब्द टाकलेस ना रे?" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्यांच्याशी मला बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला विनवतो. ताई कुठे भेटल्या तर सांगा, बाबांचे शब्द माझ्या हाती आलेच नाहीत. त्या दुपारी मी क्षणभरही रिकामा नव्हतो.