सत्तर मिनिटं

“काका, सत्तर मिनिटं पुरतात हो,” शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली. “हेच घ्या. उद्या सकाळी दहाला तिथे पोचाल.”

“सत्तर मिनिटांत विमान बदलायचं? पहिल्याला जरा उशीर झाला की बसा बोंबलत,” काका म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या टप्प्यासाठी नऊ तासांनंतरचं विमान निवडलं.

तिकिटांच्या त्या कचेरीत काकांची एकतीस वर्षं गेली होती. विमान बदलायला तीन तासांहून कमी वेळ असलेलं तिकीट त्यांनी कधी कुणाला दिलं नाही आणि त्यांचा एकही प्रवासी वाटेत अडकला नाही, याचा त्यांना भारी तोरा. कुठून कुठे किती किलोमीटर, हवेत किती तास, सगळं तोंडपाठ. कचेरीत त्यांना घड्याळमास्तर म्हणत. मास्तर स्वतः मात्र एकदाही विमानात चढले नव्हते.

धाकटी बहीण अकरा हजार किलोमीटरवर राहायची. दर रविवारी फोनवर विचारायची, दादा, कधी येतोस? हे म्हणायचे, चौदा तास तर हवेत, येईन की कधीही. या ‘कधीही’त बावीस वर्षं गेली. आज सकाळी भाच्याचा फोन आला होता, आईचं काही खरं नाही, लगेच निघा. तरीही तिकीट काढताना काकांची जन्माची सवय काही सुटली नाही.

पहिलं विमान वीस मिनिटं आधीच उतरलं. मुलीने सुचवलेलं दुसरं विमान समोरच्याच दारातून भरत होतं. काकांनी काउंटरवर जाऊन खूप विनवण्या केल्या. जागा उरली नव्हती. मग ते नऊ तास एका खुर्चीत बसून राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या शहाणपणाचा मनापासून राग आला.

संध्याकाळी सातला भाचा विमानतळावर घ्यायला आला होता. त्याचा चेहरा पाहूनच काकांना काय ते कळलं. घरी बहिणीच्या खोलीच्या दाराशी आल्यावर त्यांनी विचारलं,

“किती वाजता?”

“दुपारी बारा. सकाळपासून तिचं एकच चाललं होतं, दादा कुठवर आला. शेवटी मी खोटं बोललो, मामा. म्हटलं, मामा उतरलाय, गाडीत बसलाय, येतोच आहे.”

“बरं केलंस. काही म्हणाली?”

भाचा घुटमळला. “म्हणाली, माझ्या डोक्याखाली अजून दोन उशा लाव. त्याची पाठ दुखते, त्याला वाकायला लावू नकोस.”

उशा काढून घ्यायचा धीर कुणालाच झाला नव्हता. काका पलंगाशी जाऊन उभे राहिले. तिचा चेहरा त्यांना उभ्याउभ्याच नीट दिसत होता.