ऊलबोलसुन हे सामान्यनाम

शाळेतून बोलावणं आलं तेव्हा जुमाकादीर गाडीखाली उताणा पडून नट आवळत होता. गावातून नारीन शहराला प्रवासी नेणारा हा माणूस, चार मुलींचा आणि एका मुलाचा बाप. बोलावणं चौथ्या मुलीच्या वर्गातून होतं, आणि ही पोरगी इंग्रजीत अख्ख्या शाळेत पहिली. बक्षीसच मिळालं असणार. गड्याने हात धुतले, लोकरीच्या नमद्याची पांढरी टोपी चढवली आणि मिशीला पीळ देत निघाला.

बक्षीस कसलं न् काय. वर्ग रिकामा होता, इंग्रजीच्या बाई बुरमाकान एजे खुर्चीत कपाळाला हात लावून बसल्या होत्या आणि फळ्याजवळ ऊलबोलसुन खाली मान घालून उभी होती. फळ्यावर तिचं नाव होतं.

"दादा, तुम्हीच बघा आता," एजे म्हणाल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. धडा नामांचा होता. शहर हे सामान्यनाम, नारीन हे विशेषनाम. सामान्यनाम कुणालाही चालतं, विशेषनाम ज्याचं त्याचं, म्हणून इंग्रजीत त्याचं पहिलं अक्षर मोठं. मग एजेंनी प्रत्येकाला फळ्यावर आपापलं नाव लिहायला लावलं. पोरांना मोठी मजा आली, कारण वर्गातल्या तेमिरचं नाव म्हणजे लोखंड. लहान अक्षराने लिहिलं तर भंगारात, मोठ्या अक्षराने लिहिलं तर दुसऱ्या बाकावर. हिने मात्र आपलं नाव लहान अक्षराने लिहिलं. दुरुस्त कर म्हटलं तर म्हणे बरोबरच आहे. शनिवारी नारीनला इंग्रजीची स्पर्धा होती, आणि हेडमास्तर अडून बसले होते: जिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही तिला पाठवायचं नाही. आज दुरुस्त केलं नाही तर तिच्याऐवजी दुसरं कुणी जाईल.

जुमाकादीरला हसूच आलं. एवढ्याशा अक्षरासाठी गाडी उघडी टाकून यायचं?

"काय गं, एक अक्षर मोठं करायला तुझ्या काय बापाचं जातंय?" तो म्हणाला, आणि आपणच तो बाप हे आठवून पुन्हा हसला.

"बाबा, गावात ऊलबोलसुन तिघी आहेत," ती म्हणाली.

"तेमिर पाच आहेत की."

"त्यांना हाक मारली की ती हाक त्यांनाच असते. तुम्ही मला हाक मारायचात ती मला नसायची. एल्दियारला असायची. तो आला. मग आता हे नाव कुणाचं?"

जुमाकादीरचं हसू ओठांवरच राहिलं. ऊलबोलसुन म्हणजे 'मुलगा होवो'. मुलीवर मुली झाल्या की शेवटचीला हे नाव ठेवायचं, रोज हाका मारायच्या, म्हणजे वरच्याच्या कानावर जातं; त्याच्या आईने सांगितलं आणि त्याने ठेवलं. पुढच्याच खेपेला एल्दियार झाला. त्यानंतर घरी पाहुणे आले, की हा चहा ओतणाऱ्या पोरीकडे बोट दाखवून सांगायचा, नाव कसं लागू पडलं बघा. पाहुणे हसायचे. ती पेला पुढे करायची. तेव्हा ती ऐकत असेल, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आज आलं, आणि त्याला त्या रिकाम्या वर्गात कुठे तोंड लपवावं ते कळेना. एजे खिडकीबाहेर बघत होत्या. गावात सगळ्यांनाच हे नाव कळतं, म्हणून तर लाज जास्त.

त्याने टोपी काढून हातात घेतली.

"बदलू मग," तो म्हणाला. "सोळा पुरी झालीस की ओळखीचा पासपोर्ट निघतो, त्यावर नवं लिहू, मी सही करतो. काय ठेवायचं सांग."

"तुम्हीच ठेवा. एल्दियारचं तुम्हीच ठेवलंत ना?"

ठेवलं होतं. तो पोटात यायच्या कितीतरी आधीपासून जपून ठेवलं होतं. मेंढी कापून, गाव जेवू घालून, म्हाताऱ्यांकडून बाळाच्या कानात सांगवलं होतं. जुमाकादीरने तोंड उघडलं. जिभेवर एकच नाव आलं, नुरदोलोत, दुसरा मुलगा झाला तर म्हणून राखून ठेवलेलं. त्याने ते गिळलं. मुलींची नावं काय थोडी असतात? शेजाऱ्यांच्या मुली आठवल्या, गाडीत बसणाऱ्या बायका आठवल्या. या पोरीकडे बघून म्हणून एक नाव सुचेल तर शपथ. चौदा वर्षं ती घरात होती, आणि तिला काय शोभेल हे बापाला ठाऊक नव्हतं.

ती वाट बघत होती. पहिल्यांदा मोठ्या आशेने, मग नुसतीच. त्याच्या कपाळावर घाम आला तसा तिचा चेहरा मऊ झाला.

"राहू द्या, बाबा," ती हळूच म्हणाली. "गाडीची वेळ होईल."

तिने बोटाने पहिलं अक्षर पुसलं आणि त्या जागी मोठं काढलं, चांगलं ठसठशीत. एजेंनी सुटकेचा श्वास सोडला, शाबास म्हणाल्या.

हेच करून घ्यायला तो आला होता. आता त्या अक्षराकडे त्याच्याने बघवेना.