चौथा फोटो

दहा वाजून पाच मिनिटं. बाकं चाळीस, पिशव्या चाळीस, माणूस एक: झाडलोट करणारी पास्क्वालामावशी. दहाला अख्खं सुक्रे शहर गरम साल्तेन्या, म्हणजे रसदार सारणाच्या भाजलेल्या करंज्या, खायला रस्त्यावर येतं. आमच्या विधी महाविद्यालयातली मुलंही जातात, पिशव्या मावशीच्या भरवशावर टाकून. एकोणीस वर्षांत एक पेन हरवलेलं नाही. परतताना तिच्यासाठी कोणीतरी एक साल्तेन्या आणतंच.

त्या गुरुवारी अकराच्या तासाला राखाडी डगला घातलेली एक बाई वर्गात घुसली आणि प्राध्यापक डॉक्टर उर्किदींची बॅग उचलून पळाली. चार सेकंद. ती नाटकातली नटी होती, हे फक्त उर्किदींना आणि मला ठाऊक. मी भौतिकशास्त्राची पदवीधर. 'कायदा, नीती आणि समाजमन' या त्यांच्या विषयासाठी आकडे मोजायला नेमलेली.

मग पडद्यावर सहा फोटो आले: यांतली चोर कोण? नटीचा त्यांत नव्हताच. चौथा मावशीचा होता.

"चौथी! शंभर टक्के!"

"अरे, ती आपली मावशी आहे."

"म्हणूनच तर! किल्ल्या कोणाकडे असतात?"

चाळीसपैकी एकतीस हात वर.

उर्किदी खूश झाले. "बसा! चोरी खोटी होती. रोज दिसणारा चेहरा आपलं मन चोराला चिकटवतं. साक्षीदाराची हीच गंमत."

वर्ग खो खो हसला. मावशी दारात होती, हातात बादली.

"डॉक्टर, माझा फोटो कुठून आणलात?"

"ऑफिसातून, ओळखपत्राचा. मनाला लावून घेऊ नका हो पास्क्वालाबाई, चोरी खोटी होती."

"चोरी खोटी, चोर खोटा. मग फोटो तेवढा खरा कशाला?"

"मावशी, फेमस झालात!" मागून कोणीतरी ओरडलं.

तिनं फळ्याकडे पाहिलं. मंगळवारपासून तिथे उर्किदींच्या अक्षरात, चौकटीत लिहिलेलं होतं: संमतीशिवाय माणसावर प्रयोग करू नये. खाली, तिच्यासाठीच: पुसू नका.

"हे आता पुसू का?"

उर्किदींनी घड्याळ पाहिलं आणि तास संपवला.

ऑफिसातून तो फोटो मीच आणला होता.

शुक्रवारी मी नीतिसमितीकडे लेखी तक्रार नेली, माझ्या नावासकट. अध्यक्ष उर्किदीच. वाचून त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला.

"शास्त्र शिकलीस ना तू? निकाल बघ किती सुंदर आलाय. आणि नुकसान कोणाचं झालं, सांग ना?"

सोमवारी दहाला मावशी नेहमीसारखी दाराशी स्टुलावर बसली. मुलं बाहेर पडली. "अहो मावशी, ते खोटं होतं हं," एक मुलगी जाता जाता हसून म्हणाली आणि पिशवीचा पट्टा तिनं खांद्यावर नीट केला.

दहा वाजून पाच मिनिटांनी मी मोजलं. बाकं चाळीस. पिशव्या तीन.